घरखर्च हाताबाहेर जातोय? आधी काय करायचं, मग काय

महिनाअखेरीला खात्यात खडखडाट दिसला की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. कुणीतरी वैतागून ‘आजपासून फालतू खर्च बंद’ असं जाहीर करतं. बाहेरचं खाणं थांबतं, दिवा चालू राहिला म्हणून खटके उडतात, आणि पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत सगळं पहिल्यासारखं होतं. शिल्लक मात्र जिथे होती तिथेच. यात चूक असते ती क्रमाची. मोजण्याआधी कात्री चालवली, मोठं सोडून छोटं कापलं, आणि भाव वाढल्यामुळे किती गेले नि आपण जास्त वापरल्यामुळे किती गेले याची फोड केलीच नाही.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या तीन टप्प्यांत काहीच वाचत नाही, फक्त हिशेब होतो. म्हणूनच लोक ते गाळतात आणि पुढे फसतात.

## तयारी: बसण्याआधी काय जवळ हवं

- मागच्या १२ महिन्यांची सगळ्या खात्यांची आणि क्रेडिट कार्डांची स्टेटमेंट. तीन महिन्यांची पुरत नाहीत, कारण वर्षातून एकदा कापले जाणारे पैसे त्यात दिसतच नाहीत.
- वीज, पाणी, इंधन, फोन आणि इंटरनेटची बिलं. रक्कम तर हवीच, पण त्यावर छापलेला वापरही हवा.
- घरभाड्याचा करार, कर्जाची कागदपत्रं, विमा पॉलिसी. प्रत्येकाची नूतनीकरणाची तारीख एका कागदावर उतरवून घ्या.
- वही किंवा स्प्रेडशीट. पहिल्या खेपेला हाताने लिहिणं मला जास्त उपयोगी वाटतं. ॲप खर्चाची वर्गवारी आपोआप करतं, पण औषधांच्या दुकानातली साबणाची खरेदीही ‘आरोग्य’ या सदरात टाकून मोकळं होतं.

सावधान: खर्च मोजून देणाऱ्या कुठल्याही ॲपला किंवा माणसाला बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी देऊ नका. स्टेटमेंट उतरवून घेतलं की काम भागतं.

## टप्पा १: वर्षभराचा खर्च चार रकान्यांत मांडा

पहिला रकाना बांधील खर्चाचा: घरभाडं, कर्जाचे हप्ते, शाळेचं शुल्क, विमा. दुसरा वापरावर ठरणाऱ्या खर्चाचा: स्वयंपाकघर, वीज, इंधन, रोजचा प्रवास. तिसऱ्यात वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च, म्हणजे वाहनाची दुरुस्ती, कर, वार्षिक वर्गणी, समारंभातली देणीघेणी. चौथ्यात आपण मनाने केलेले, टाळता आले असते असे खर्च.

इथे चार चुका हमखास होतात.

1. क्रेडिट कार्डावरची खरेदीही धरली जाते आणि कार्डाचं बिल भरलेलंही. एकच खर्च दोनदा मोजला जातो. खरेदी धरा, बिलाचा भरणा सोडून द्या. कार्डावर लागलेलं व्याज आणि दंड मात्र खर्चातच येतो.
2. आपल्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे खर्चात जातात.
3. बचत आणि गुंतवणूक खर्चात मिसळते. त्यांचा रकाना वेगळा ठेवा.
4. ‘रोख काढले’ अशी एकच मोठी नोंद राहते. मागचं आठवणार नाही, ते सोडून द्या. पण या महिन्यापासून रोखीचा खर्च रात्री झोपण्याआधी लिहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मा विसरलेला असतो.

तपासा: वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, अधिक आलेले पैसे, वजा गेलेले पैसे. उत्तर वर्षाअखेरच्या शिलकीशी जुळायला हवं. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घ्या. त्याहून जास्त असेल तर एखादं खातं किंवा कार्ड राहून गेलंय. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा २: तुमच्या घराची महागाई काढा

बातम्यांतला महागाईचा दर ग्राहक किंमत निर्देशांकावरून निघतो. त्यात असंख्य घरांच्या खर्चाची सरासरी असते. तुमचं घर त्या सरासरीसारखं असेलच असं नाही. मुलं शाळेत असलेल्या घराला शुल्कवाढ बोचते, म्हाताऱ्या माणसांच्या घराला औषधं, रोज लांब कामाला जाणाऱ्याला इंधन.

आपला दर काढायला तीन पायऱ्या पुरतात. मागच्या वर्षीचा एकूण खर्च १०० धरा आणि त्यात प्रत्येक बाबीचा वाटा किती ते लिहा. मग तीच वस्तू किंवा सेवा, तेवढ्याच प्रमाणात, यंदा किती टक्क्यांनी महागली ते लिहा. शेवटी दोन्हींचा गुणाकार करून १०० ने भागा आणि सगळी उत्तरं मिळवा.

समजा १०० मधले ३० घरभाड्याला जातात आणि भाडं १० टक्के वाढलं, तर त्याचा बोजा ३. स्वयंपाकघराला २५ जातात, तिथे वाढ ८ टक्के, बोजा २. प्रवासाला १० जातात, तिथे वाढ २० टक्के, बोजा पुन्हा २. उरलेले ३५ आहेत तेवढेच राहिले. एकूण ७ टक्के. वाढ सर्वांत जोरात प्रवासात झाली, पण सर्वांत जड गेलं ते भाडं. टक्केवारी पाहून घाबरायचं नाही, बोजा पाहून क्रम लावायचा.

आता हा आकडा उत्पन्नाशेजारी ठेवा. १०० कमावून ९० खर्च करणाऱ्या घराचं उत्पन्न ५ टक्क्यांनी आणि खर्च ७ टक्क्यांनी वाढला, तर हातात १०५ येतात आणि ९६.३ जातात. बचत १० वरून ८.७ वर आली. पगार वाढूनही बचत १३ टक्क्यांनी घटली, आणि ती घटली हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण महिना तर निभावला.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. महागाईचा दर ८ वरून ४ टक्क्यांवर आला, याचा अर्थ भाव उतरले असा होत नाही. ते अजूनही चढताहेत, फक्त आधीपेक्षा सावकाश. ‘जरा थांबू, भाव खाली येतील’ या भरवशावर घरखर्चाचा निर्णय लांबवू नका. एखाद्या वस्तूचा भाव हंगामानुसार उतरतो, सगळ्या घरखर्चाचा सहसा उतरत नाही.

## टप्पा ३: भाव वाढला की वापर वाढला?

सगळ्यांत उपयोगी टप्पा हाच, आणि बहुतेक घरांत तो कधीच झालेला नसतो. दुसऱ्या रकान्यातली, म्हणजे वापरावर ठरणाऱ्या खर्चातली प्रत्येक मोठी बाब घ्या आणि तिचे दोन भाग करा.

मागच्या वर्षी एखादी वस्तू महिन्याला १० नग लागत होती, दर ५०. खर्च ५००. यंदा १२ नग लागतात, दर ५५. खर्च ६६०. वाढ १६० ची. ‘केवढी महागाई!’ असं आपण म्हणून जातो. पण फोड करून बघा. जुनेच १० नग घेतले असते तर नव्या दराने फक्त ५० जास्त गेले असते. दोन नग जास्तीचे आले, जुन्या दराने त्यांचे १०० झाले. उरलेले १० दोन्ही कारणांच्या मिळून. भावाचा वाटा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी निघाला.

हे कळणं महत्त्वाचं, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. भाव वाढला असेल तर दुकान, ब्रँड, खरेदीची वेळ किंवा करार बदलता येतो. वापर वाढला असेल तर गळती, नासाडी किंवा सवय शोधावी लागते. वापर वाढलेल्या ठिकाणी स्वस्त दुकान शोधत हिंडण्यात अर्थ नाही. कधी कधी वाढ रास्तही असते: घरात बाळ आलं, कुणी घरून काम करू लागलं, आजारी माणूस आलं. ती वाढ मान्य करून पैसे दुसरीकडून काढायचे, त्या माणसाला ओशाळवाणं करायचं नाही.

सावधान, पाकीट आकसतं: किंमत तीच आणि ५०० ग्रॅमचं पाकीट ४५० ग्रॅमचं झालं, तर भाव ११ टक्क्यांनी वाढला. हजार ग्रॅमचं ९०० ग्रॅम झालं आणि वर किंमतही ५ टक्के चढली, तर खरी वाढ जवळजवळ १७ टक्के. त्यामुळे तुलना नेहमी किलो, लिटर किंवा नगाच्या दराने. वजन पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असतं, तिथेच आधी बघा.

तपासा: आता तुमच्याकडे जास्त बोजाच्या पाच-सहा बाबींची यादी आहे आणि प्रत्येकीपुढे ‘भाव’ किंवा ‘वापर’ लिहिलेलं आहे. तसं नसेल तर पुढे कात्री चालवण्यात अर्थ नाही.

## टप्पा ४: घरातल्यांशी बोला, कापण्याआधी

आकडे हातात आल्यावर पण निर्णय होण्याआधी सगळ्यांना बसवा. निर्णय ठरवून मग ऐकवला की घरात दोन पक्ष पडतात, आणि लपवून खर्च करणं सुरू होतं. लपवलेला खर्च उधळपट्टीपेक्षा वाईट, कारण तो हिशेबातच येत नाही.

बैठक तासाभरात आटपा. यादी दाखवा, वर्षभरात काय बदललं ते सांगा, आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा: तुझ्यासाठी कोणती गोष्ट अजिबात सोडायची नाही? आणि कोणती गेली तरी चालेल? उत्तरं चकित करणारी येतात. ज्या सेवेवर सगळ्यांचा जीव आहे असं आपण धरून चाललेलो असतो, ती वर्षभर कुणी उघडलेलीही नसते.

प्रत्येक मोठ्या माणसाला ठरावीक हातखर्च द्या, ज्याचा हिशेब कुणीही विचारायचा नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती हवी. तिच्याशिवाय कुठलाही आराखडा फार काळ टिकत नाही. मुलांपासून परिस्थिती लपवू नका आणि त्यांच्यावर तिचं ओझंही टाकू नका. ‘यंदा सहलीऐवजी हे करू’ इतकं त्यांना पुरतं.

## टप्पा ५: वर्षातून एकदा येणारे खर्च महिन्यात बसवा

तिसऱ्या रकान्याची बेरीज करा, १२ ने भागा. तेवढी रक्कम दर महिन्याला पगार आल्याच दिवशी वेगळ्या खात्यात हलवा. ते पैसे बचत म्हणून मोजू नका. ते खर्चच आहेत, फक्त तारीख पुढची आहे.

विम्याचा हप्ता अचानक आला, गाडीचं काम अचानक निघालं, असं आपण म्हणतो. विम्याची तारीख तर वर्षभर आधी ठाऊक होती. हा टप्पा न केलेली घरं नेमकी याच वेळी कार्डावर उधारी करतात आणि मग ती उधारी वर्षभर फेडतात.

पहिल्या वर्षी अडचण येते: सहा महिन्यांवर आलेल्या खर्चाला बाराव्या हिश्शाने पैसे साठत नाहीत. अशा वेळी रक्कमेला उरलेल्या महिन्यांनी भागा. पहिलं वर्ष जड जातं, दुसरं सुरळीत जातं.

## टप्पा ६: महाग कर्ज आधी थांबवा

महिना ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीने ते वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतं. स्वयंपाकघरात कितीही काटकसर केली तरी हे भोक बुजत नाही. म्हणून कर्ज हा टप्पा वाणसामानाच्या आधी.

1. सगळी देणी एका कागदावर: किती बाकी, व्याजदर किती, किमान भरणा किती, तारीख कोणती. नातेवाइकांची उसनवारीही लिहा.
2. सगळ्यांचा किमान भरणा वेळेवर जाईल अशी सोय करा. उशिराचा दंड हा निव्वळ वाया जाणारा पैसा.
3. वर जे उरेल ते सगळं सर्वांत जास्त व्याजाच्या देण्यावर. ते फिटलं की तीच रक्कम पुढच्यावर.
4. कार्डावर थकबाकी असताना त्या कार्डावर नवी खरेदी बंद. अनेक कार्डांवर थकबाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

लहान देणं आधी मिटवलं तर हुरूप येतो, असं काही जण सांगतात. येतो खरा. व्याजदरांत फार फरक नसेल तर तसं करायला हरकत नाही. एक ३६ टक्क्यांचं आणि दुसरं १० टक्क्यांचं असेल, तर हुरूप बाजूला ठेवा.

बचत खात्यात मोठी रक्कम ठेवून कार्डाचं व्याज भरणारीही घरं असतात. मन धजत नाही म्हणून. साधारण महिन्याभराच्या खर्चाइतके पैसे अडीअडचणीला राखा आणि बाकीच्यातून महाग देणं फेडा. बचतीवर मिळणारं व्याज कार्डाच्या व्याजाच्या जवळपासही जात नाही.

घरासारख्या लांब मुदतीच्या कर्जात वेगळाच धोका असतो. बदलत्या दराच्या कर्जात व्याज वाढलं की अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते. हप्ता न बदलल्यामुळे आपल्याला काहीच जाणवत नाही. २० वर्षांचं, ९ टक्क्यांचं कर्ज घ्या. सुरुवातीलाच दर १० टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर २४० ऐवजी सुमारे ३१४ हप्ते भरावे लागतात. सहा वर्षांहून जास्त. वर्षातून एकदा ‘किती हप्ते उरले’ हे लेखी विचारा, आणि शक्य असेल तर हप्ता थोडा वाढवून घ्या. आगाऊ भरणा करण्याआधी त्यावर शुल्क आहे का ते पाहून घ्या.

आधीच तूट असेल तर: सगळी बिलं भागत नसतील, तर क्रम असा: डोक्यावरचं छप्पर, अन्न, औषधं, वीज-पाणी, कामावर जाण्याचा खर्च. मग काही तारण ठेवून घेतलेली कर्जं. मग बाकीची. वसुलीचे फोन सर्वांत जास्त कोण करतं यावर हा क्रम बदलू नका. आणि कर्ज देणाऱ्याशी तारीख चुकण्याआधी बोला. हप्ता थकल्यावर तोंड लपवणाऱ्यापेक्षा आधी येऊन मुदत मागणाऱ्याचं ऐकलं जाण्याची शक्यता जास्त असते. ठरेल ते लेखी घ्या. जुनं देणं फेडायला नवं, जास्त व्याजाचं कर्ज काढू नका.

## टप्पा ७: मोठे बांधील खर्च

‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे साठवण्याला लागू आहे. कपातीला ते उलटं पडतं. रोज दहा ठिकाणी मन मारण्यापेक्षा वर्षातून एकदा एका मोठ्या करारावर तासभर घालवलेला बरा, कारण तो एकदा बदलला की दर महिन्याला आपोआप पैसे वाचतात.

घरभाडं. करार संपायच्या दोन-तीन महिने आधी आसपासचे दर काढा, मग बोलणी करा. भाडं कमी होत नसेल तर वाढ पुढे ढकलणं, जास्त मुदतीच्या बदल्यात कमी वाढ, किंवा दुरुस्ती मालकाकडून, असे पर्याय असतात. घर बदलणार असाल तर हलवण्याचा खर्च, अनामत आणि नव्या प्रवासाचा खर्च मांडा. एकदाच होणाऱ्या खर्चाला दर महिन्याच्या निव्वळ बचतीने (भाड्यातली बचत वजा प्रवासातली वाढ) भागा. उत्तर येईल तितक्या महिन्यांनी पैसे वसूल. तेवढे महिने तुम्ही तिथे राहणार आहात का?

विमा. दर वर्षी किमान दोन ठिकाणचे दर मागा. आरोग्य विमा बंद करून पैसे वाचवणं ही या यादीतली सर्वांत महाग बचत ठरू शकते. हप्ता झेपत नसेल तर दाव्यातला स्वतःचा वाटा थोडा वाढवून हप्ता कमी होतो का ते विचारा. जुनी पॉलिसी नवी लागू होण्याआधी कधीही सोडू नका. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असू शकतो.

फोन, इंटरनेट, वर्गण्या. वापर किती आणि योजना केवढ्याची, ते ताडून बघा. आपोआप नूतनीकरण होणाऱ्या सगळ्या सेवांची यादी काढा आणि न वापरलेल्या बंद करा, लागतील तेव्हा परत घेता येतात. नुसतं ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. रीतसर रद्द करा आणि रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवा.

वाहन. फक्त इंधन मोजू नका. विमा, देखभाल, पार्किंग आणि दर वर्षी घटणारी वाहनाची किंमतही मिळवा. घरात दुसरं वाहन असेल आणि ते आठवड्यात दोनदाच निघत असेल, तर त्या फेऱ्या भाड्याच्या गाडीने किती पडतील ते मांडून बघा.

सावधान, इथे कात्री नको: डॉक्टरांनी दिलेली औषधं अर्धी करणं किंवा एक दिवसाआड घेणं. हे गुपचूप अनेक घरांत होतं, बहुतेकदा घरातलं सर्वांत वडीलधारं माणूस करतं. त्याऐवजी त्याच घटकाचं स्वस्त जेनेरिक औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. दातांची, डोळ्यांची तपासणी, गळणारा नळ, वाहनाचे ब्रेक हेही लांबवू नका. तो खर्च पुढे मोठा होऊन येतो.

## टप्पा ८: वाणसामान आणि रोजची खरेदी

आधी घरात काय आहे ते बघा, मग आठवड्याचा स्वयंपाक ठरवा, मग यादी करा, मग बाहेर पडा. बहुतेक जण यादीपासून सुरुवात करतात, म्हणून एकाच वस्तूची दोन पाकिटं कपाटात सापडतात.

विकत आणलेल्यातला दहावा हिस्सा फेकला जात असेल, तर जे खाल्लं ते तुम्हाला ११ टक्के महाग पडलं. दोन आठवडे फेकलेल्या वस्तू नुसत्या लिहून काढा: काय, किती, का. शिळं झालं, जास्त रांधलं, मागे राहून विसरलं, आवडलं नाही. चारपैकी एकच कारण जास्त वेळा येतं. तेवढंच सुधारायचं. आधी आणलेली वस्तू पुढे, नवी मागे, ही फडताळातली शिस्त पुष्कळ नासाडी वाचवते.

घाऊक खरेदी तीन अटींवर करा: वस्तू टिकणारी आहे, मुदतीआधी संपणार आहे, आणि नगाचा दर खरंच कमी आहे. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हा समज आहे. भागाकार करून बघा. ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे ३३ टक्के सूट, पण तिन्ही वापरले तरच. तिसरा फेकला तर सूट शून्य. शिवाय डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो, ते वेगळंच.

ब्रँड बदलताना एका वेळी एकच वस्तू बदला. सगळं एकदम बदललं की घरातले बंड करतात, आणि नेमकं काय आवडलं नाही तेही कळत नाही.

हप्त्यावर ‘शून्य टक्के व्याज’ दिसलं तर दोन गोष्टी विचारा: प्रक्रिया शुल्क किती, आणि रोख घेतल्यास किती सूट? गमावलेली सूट हेच बहुतेकदा व्याज असतं.

## टप्पा ९: वीज, इंधन, प्रवास

वॅट गुणिले तास भागिले १००० म्हणजे युनिट. एवढं एक गणित घरातल्या सगळ्यांना शिकवा. पाणी तापवणारं २००० वॅटचं उपकरण रोज अर्धा तास चाललं तर महिन्याला ३० युनिट. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला १.३५ युनिट. ज्या दिव्यावरून घरात भांडणं होतात त्याचा वाटा एवढाच.

म्हणून क्रम असा: आधी उष्णता आणि थंडावा तयार करणारी उपकरणं, म्हणजे गीझर, इस्त्री, हीटर, वातानुकूलन, फ्रिज. मग सतत चालू राहणारी. दिवे शेवटी. बंद दिसणारं पण वीज ओढणारं ५ वॅटचं उपकरण चोवीस तासांच्या हिशेबाने महिन्याला ३.६ युनिट खातं. अशी सहा-सात असतील तर ती लक्ष देण्याजोगी.

फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी अलगद निघून आली तर रबर सैल झालंय. गीझरचं तापमान गरजेपुरतंच ठेवा. खूप तापवून ठेवलेलं पाणी टाकीतच निवत राहतं, आणि तेवढी वीज वाया जाते. शिजवताना झाकण ठेवा, आणि उकळी आली की आच कमी करा. उकळतं पाणी मोठ्या आचेवर आणखी गरम होत नाही, त्याची फक्त वाफ होते.

अनेक ठिकाणी जास्त वापराला युनिटचा दर चढत जातो. तसं असेल तर तुमची शेवटची काही युनिटं सर्वांत महाग असतात आणि थोडी कपातही बिलात ठळक दिसते. बिलावरचा तक्ता वाचून आपण कितव्या पायरीवर आहोत ते बघा. आणि बिलावरचं रीडिंग मीटरशी जुळतंय का, हेही कधीतरी तपासा. अंदाजे बिल वापर सांगत नाही.

प्रवासात टायरमधली हवा वेळेवर तपासणं आणि दोन-तीन कामं एका फेरीत उरकणं, या दोन गोष्टी पुरेशा आहेत. थोडं स्वस्त इंधन मिळतं म्हणून लांबच्या पंपावर जाणाऱ्यांनी जाण्यायेण्याचं इंधनही हिशेबात धरावं.

## टप्पा १०: वाचलेले पैसे लगेच हलवा

योजना बदलली, महिना काही रक्कम वाचली, आणि तीन महिन्यांनी शिल्लक तेवढीच. पैसे चालू खात्यात पडून राहिले आणि दुसऱ्या कशात तरी विरघळले. ज्या दिवशी एखादा खर्च कमी होईल त्याच दिवशी तेवढ्या रकमेची आपोआप बदली लावा. क्रम: महिन्याभराच्या खर्चाची राखीव रक्कम, मग महाग कर्ज, मग राखीव रक्कम वाढवत तीन ते सहा महिन्यांपर्यंत, मग लांबची बचत. लांबच्या बचतीला महागाईचा धक्का लक्षात ठेवून जागा निवडा. वर्षाला ६ टक्के महागाईत भाव साधारण १२ वर्षांत दुप्पट होतात.

उत्पन्न वाढवण्याबद्दल थोडक्यात: पगारवाढ मागताना घरखर्चाची रडकथा कामाला येत नाही, वर्षभरात केलेलं काम आणि तशाच कामाचे बाजारातले दर कामाला येतात. जोडधंदा करणार असाल तर त्यातून प्रवास, साहित्य, कर आणि तुमचे तास वजा करून उरतं काय ते बघा.

## टप्पा ११: फेरतपासणी

दर आठवड्याला दहा मिनिटं: रोखीच्या नोंदी आणि उरलेली रक्कम. दर महिन्याला अर्धा तास: ठरवलं काय, झालं काय, फक्त पाच मोठ्या बाबींचं. दर तीन महिन्यांनी टप्पा ३ पुन्हा, म्हणजे भाव आणि वापराची फोड. वर्षातून एकदा सगळं पहिल्यापासून, करारांच्या तारखांसकट.

एखादी बाब लागोपाठ तीन महिने ठरवलेल्या रकमेबाहेर गेली, तर घरच्यांना दोष देण्याआधी आकडा बदला. तो बहुतेकदा पहिल्यापासूनच खोटा असतो, आपण इच्छा लिहिलेली असते आणि तिला अंदाज म्हणत असतो. वाढवलेली रक्कम दुसऱ्या कुठल्या बाबीतून घेतली, ते त्याच ओळीत लिहा.